मत कुठे राहतं?

निकालाच्या दिवशी टीव्हीवर जो रंगीत नकाशा दिसतो, तसले नकाशे करणं हा माझा धंदा आहे. निवडणुकांचेच करते असं नाही. पाणलोट, रस्ते, विजेच्या तारा, जे काम येईल ते. पण निवडणुकीचे आकडे हातात आले की मला वेळेचं भान राहत नाही. एकावर एक थर चढवत जायचं: लोकसंख्या, जमीन, रेल्वे, शिक्षण आणि सगळ्यांत वर मतं. मग कुठली रेघ कुठल्या रेघेवर बसते ते बघत राहायचं.

निकालानंतर दरवेळी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "या लोकांना स्वतःचं हितसुद्धा कळत नाही." बोलणारे आलटून पालटून बदलतात, कारण हरणारे बदलतात. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आम्ही मात्र विचार करून मत देतो." मला दोन्हींचा कंटाळा आलाय. विचार सगळेच करतात. पण कुणाच्या सोबतीने करतात, कशाबद्दल करतात, कुठली गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून करतात, हे बरंचसं पत्त्यावर ठरतं. आणि पत्ता कुठला मिळणार हे बरंचसं जन्मावर ठरतं. माझंही ठरलंय, तुमचंही.

या वेडाचा मूळपुरुष म्हणजे आंद्रे सिगफ्रीद हा फ्रेंच माणूस. स्वतः निवडणुकीला उभा राहिला, हरला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा हरला. मग पश्चिम फ्रान्समधले लोक मत कसं देतात याचाच अभ्यास त्याने करायला घेतला आणि १९१३ साली तो जाडजूड ग्रंथ म्हणून छापला. हरलेल्या उमेदवाराने इतकं उपयोगी काम केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. त्याचं एक निरीक्षण पुढे म्हणीसारखं झालं: ग्रॅनाइट उजवीकडे मत देतो, चुनखडी डावीकडे.

ऐकायला गंमत वाटते, पण साखळी जोडून बघा. व्हांदे नावाच्या जिल्ह्यात उत्तरेकडे ग्रॅनाइटची जमीन, दक्षिणेकडे चुनखडीचं मैदान. ग्रॅनाइटच्या भागात पाणी जागोजागी सापडतं, त्यामुळे घरं विखुरलेली, प्रत्येक शेताला कुंपण, शेजारी लांब. जमीन मोठ्या जमीनदारांची, कसणारे कुळं. लोक एकत्र येणार ते रविवारी चर्चमध्ये, म्हणजे बातमी आणि सल्ला दोन्ही पाद्र्याकडून मिळणार. चुनखडीत पाणी झिरपून जातं, म्हणून वस्ती विहिरींभोवती दाटलेली. शेतं लहान, पण बऱ्याच जणांची स्वतःची. संध्याकाळी माणसं एकमेकांना भेटतात, जमीनदाराची आणि पाद्र्याची भीड कमी. अशा ठिकाणी प्रजासत्ताकवाल्यांना, म्हणजे तेव्हाच्या डाव्यांना, जागा मिळाली. दगडाने कुणाला मत दिलं नाही. दगडाने विहीर कुठे ते ठरवलं, विहिरीने शेजार ठरवला, आणि पुढचं शेजाराने केलं. सिगफ्रीदलाही हे ठाऊक होतं. दगडावरून थेट मत काढू नका असं तो स्वतः बजावतो. त्याचे वाचक मात्र म्हण तेवढी उचलून घेऊन गेले.

याच जातीचा, पण मला जास्त अस्वस्थ करणारा नकाशा अमेरिकेतल्या अलाबामाचा आहे. राज्याच्या मधोमध डेमोक्रॅट पक्षाला मत देणाऱ्या काउंटींचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागांचा) एक कमानीसारखा पट्टा दिसतो, मिसिसिपीपासून जॉर्जियाकडे वळत गेलेला. आजूबाजूला सगळं रिपब्लिकन. ही कमान सात ते दहा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या किनाऱ्याला धरून जाते. त्या समुद्रात सूक्ष्म जिवांच्या कवचांचे थर साचले, त्यांची खडूसारखी चुनखडी झाली, तिच्यावर काळी कसदार माती तयार झाली. माती कापसाला उत्तम. कापसासाठी मळे आले, मळ्यांसाठी गुलाम आणले गेले, आणि गुलामगिरी संपल्यावरही त्यांची मुलं-नातवंडं मोठ्या संख्येने तिथेच राहिली. आज तिथे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे आणि ते डेमोक्रॅटना मत देतात.

इथवरची गोष्ट इंटरनेटवर पुष्कळ फिरते, आणि लोक "वा, काय योगायोग!" म्हणून पुढे ढकलतात. खरी गोम पुढे आहे. १९६५ पूर्वी याच पट्ट्याचं राजकारण नेमकं उलट होतं. व्ही. ओ. की नावाच्या अभ्यासकाने १९४९ साली दाखवून दिलं की दक्षिणेतलं सगळ्यांत कर्मठ, वर्णभेदाला चिकटून बसलेलं राजकारण याच काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या गोऱ्या जमीनदारांचं होतं. जिथे कृष्णवर्णीय जास्त, तिथे गोऱ्यांना सत्ता जाण्याची धास्ती जास्त. लाउन्डस काउंटीत पाचातले चार लोक कृष्णवर्णीय होते आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातल्या एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि काही वर्षांत नकाशाचा रंग पालटला. माती तीच, माणसंही बहुतेक तीच. यादी बदलली. म्हणून कुणी मला "भूगोलच सगळं ठरवतो" म्हणालं की मी आधी विचारते, यादी कुणी केली होती?

आता दुसरी बाजू, म्हणजे माणूस कुठल्या घरातला. यातला पायाभूत अभ्यास १९४० सालचा, ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीतला. पॉल लाझार्सफेल्ड हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस, रेडिओ आणि जाहिराती लोकांवर कशा परिणाम करतात याचा अभ्यासक. प्रचारामुळे मत कसं बदलतं हे पकडायचं म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहाशे लोकांची एक तुकडी निवडली आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच लोकांच्या घरी जाऊन त्याच मंडळींशी बोलत राहिले. रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी ती निवडणूक. एवढा खटाटोप करून सापडलं काय, तर बहुतेकांचं मत प्रचाराने हललंच नाही. आधीच्या कलाला नुसती धार आली. आणि तो कल तीन गोष्टींवरून बराचसा ओळखता येत होता: सांपत्तिक स्थिती, कॅथलिक की प्रोटेस्टंट, शहरात राहतो की खेड्यात. माणूस सामाजिकदृष्ट्या जसा असतो तसाच तो राजकीय विचार करतो, असं त्यांनी लिहून टाकलं. रेडिओचा प्रभाव मोजायला निघालेल्या माणसाला हे छापावं लागलं याचं मला कौतुक वाटतं.

त्या अभ्यासातला मला सगळ्यांत आवडणारा भाग थोडा बाजूला पडलेला आहे. ज्यांच्या या गोष्टी एका दिशेला नव्हत्या, म्हणजे श्रीमंत पण कॅथलिक, किंवा गरीब पण खेड्यातला प्रोटेस्टंट, त्यांचं काय झालं? ते उशिरा ठरवत होते, डळमळत होते, आणि बऱ्याच जणांचा निवडणुकीतला रसच आटत चालला होता. आपण कल्पना करतो की कुंपणावरचा मतदार म्हणजे दोन्ही जाहीरनामे शेजारी ठेवून वाचणारा सुज्ञ नागरिक. तिथे सापडलेला कुंपणावरचा माणूस घरात एक आणि कामावर दुसरं ऐकून दमलेला होता.

हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. त्यांची नोकरी बदलीची. एका बदलीत आम्ही मोठ्या कारखान्याच्या वसाहतीला लागून राहायचो. शेजारी सगळे कामगार. पाळी सुटली की फाटकाशी घोळका जमायचा आणि बाबा त्यात असायचे. तेव्हा घरात बोलणं बोनसचं, कराराचं, कंत्राटी भरती कशी वाढतेय त्याचं. पुढच्या बदलीत घर मिळालं ते बाजारपेठेत, घरमालक व्यापारी, खाली त्यांची गादी. वर्षभरात बाबांच्या तोंडी करांची कटकट आली, युनियनवाल्यांनी कारखाने कसे बुडवले ते आलं, घरात येणारं वर्तमानपत्रही बदललं. पगार तोच, जात तीच, शिक्षण तेच. मत कुणाला दिलं हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, आईलाही नाही, त्यामुळे मी त्यावर काही दावा करत नाही. आई एवढंच म्हणते, "तुझे बाबा जिथे राहतील तिथले होतात." त्यात तक्रार असते की कौतुक, ते अजून मला कळलेलं नाही.

बाबांसारखे लोक मोजता येतात. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी कामगारवर्गाचंच मत दोन प्रकारच्या ठिकाणी तपासलं: कोळसाखाणींचे मतदारसंघ आणि समुद्रकाठची सहलीची गावं. खाणीच्या भागातला कामगार जवळजवळ सगळा मजूर पक्षाचा. समुद्रकाठच्या गावातला, हॉटेलात किंवा दुकानात राबणारा कामगार निम्माच. खिशात फारसा फरक नसावा. पण खाणीत शंभर जण एकाच मालकाकडे, एकाच धोक्यात, एकाच युनियनमध्ये. हॉटेलात चौघं, आणि मालक रोज समोर, नावाने हाक मारणारा. कामगार असणं म्हणजे काय, हेच दोन ठिकाणी वेगळं होतं. त्या काळी पीटर पल्झर नावाच्या अभ्यासकाने लिहिलं होतं की ब्रिटिश राजकारणाचा पाया वर्ग आहे, बाकी सगळी नक्षी. मला वाटतं वर्गाला पत्ता असतो हे त्याने गृहीतच धरलं असावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. शेजारामुळे मत बदलतं, की आपल्यासारख्यांचा शेजार आपणच शोधून काढतो? ज्याला बागा, मोठं आवार आणि कमी कर हवेत तो एका भागात घर घेणार, ज्याला चालत जाण्याजोगी वाचनालयं आणि लोकल हवी तो दुसऱ्या. नकाशावर दोन्हींचा रंग सारखाच उमटतो. हे सोडवायचं तर स्थलांतर करणाऱ्या माणसाच्या मागे जावं लागतं. एन्रिको कांतोनी आणि व्हँसाँ पोन्स या दोघांनी तेच केलं. अमेरिकेतल्या २००८ ते २०१८ या काळातल्या मतदारयाद्या घेतल्या, घर बदलून दुसऱ्या राज्यात किंवा काउंटीत गेलेले मतदार शोधले आणि जाण्याआधीचं-नंतरचं वागणं ताडून पाहिलं. २०२२ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की राज्याराज्यांतल्या मतदानाच्या टक्केवारीत जो फरक दिसतो, त्यातला ३७ टक्के जागेचा आणि ६३ टक्के माणसाचा स्वतःचा. पक्षाच्या निवडीत जागेचा वाटा याहून थोडा कमी. जागेचा प्रभाव तरुणांवर जास्त.

३७ आणि ६३. मला हे प्रमाण पटतं, कदाचित बाबांमुळे पटत असेल. यात माणूस मातीचा गोळाही ठरत नाही आणि स्वयंभूही ठरत नाही. वादविवादात मात्र दोन्ही बाजूंना शंभर हवे असतात.

जागा म्हणजे नुसता शेजारही नाही. पक्षाचे कार्यकर्ते तिथे येतात का, दवाखाना चालू आहे की बंद पडलाय, कुठल्या पक्षाचं नाव चारचौघांत काढायची सोय आहे, हे सगळं त्यात येतं. यातलं एखादं जेव्हा निखळतं तेव्हा काय होतं, ते इंग्लंडमधल्या बोल्सोवरसारख्या ठिकाणी दिसलं. खाणींचा मतदारसंघ. १९५० साली अस्तित्वात आल्यापासून मजूर पक्षाचा, आणि १९७० पासून तिथला खासदार डेनिस स्किनर, स्वतः खाणकामगार. १९८४-८५ चा संप फसला, पुढच्या वर्षांत एकेक खाण बंद पडत गेली. २०१५ च्या डिसेंबरात ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण केलिंगली बंद झाली. आणि २०१९ मध्ये बोल्सोवरने हुजूर पक्षाचा खासदार निवडला. डॉन व्हॅली तर १९२२ पासूनची जागा, तीही त्याच रात्री गेली.

पत्रकारांनी त्या रात्री "कामगार उजवे झाले" म्हणून मथळे दिले. मी नकाशावर बोट ठेवून बघते तेव्हा मला दुसरं दिसतं. खाण गेली तशी युनियन गेली, युनियनबरोबर तिचा क्लब आणि बँड गेला, तरुण पोरं कामासाठी शहरांत गेली. मागे राहिली वय झालेली माणसं, गोदामांत कंत्राटावर लागलेली माणसं आणि आठवणी. ज्या विहिरीभोवती वस्ती दाटली होती ती विहीरच बुजली, असं सिगफ्रीद म्हणाला असता. आठवणींवर पक्ष तीसेक वर्षं तगला हेच मला नवलाचं वाटतं. २०२४ ला बोल्सोवर परत मजूर पक्षाकडे आलं, पण त्याला बालेकिल्ला म्हणायला आता कुणी धजणार नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाची चाल अशीच: १९८८ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस देशभर आपटले, त्यांना फक्त दहा राज्यं मिळाली, त्यात कोळशाचं हे राज्य होतं. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी तिथल्या ५५ च्या ५५ काउंटी जिंकल्या.

पोलंडचं उदाहरण मी इथे थोडक्यात उरकते, कारण त्याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. २०१० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा घ्या, त्यावर १९१४ ची जर्मन साम्राज्याची सीमा ठेवा; रंग बऱ्यापैकी त्या रेघेवर बदलतो. वारसा म्हणावा, तर त्यातल्या मोठ्या भागातून १९४५ नंतर जर्मन लोकांना हाकलून दिलं गेलं आणि नवी माणसं आणून वसवली, त्यांतले बरेच पूर्वेकडून आलेले. म्हणजे माणसं बदलली, तरी रेघ राहिली. रेल्वेचं जाळं, शेतांचा आकार, उपटून आणून वसवलेल्यांची मानसिकता, अशी कारणं अभ्यासक सांगतात. प्रत्येक थोडं थोडं पटतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता माझ्याच धंद्याची झाकली मूठ उघडते. नकाशा फसवतो. पहिली फसवणूक सगळ्यांना माहीत असलेली: जमीन मत देत नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी तीन हजारांवर काउंटींपैकी पाचशेहूनही कमी जिंकल्या, आणि तरी त्यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे एकोणतीस लाख मतं जास्त होती. नकाशा बघून कुणालाही हे खरं वाटणार नाही. दुसरी फसवणूक रंगांच्या टप्प्यांची. पन्नास टक्क्यांच्या वर एक रंग, खाली दुसरा, असं केलं की एकावन्न टक्क्यांचं गाव आणि नव्वद टक्क्यांचं गाव एकसारखं दिसतं. टप्पे कुठे तोडायचे हे माझ्या हातात असतं. टप्पे हलवून मी तुम्हाला एकसंध प्रदेशही दाखवीन आणि दुभंगलेलाही, आणि एकही आकडा खोटा असणार नाही. गिऱ्हाईक टप्पे कधीच विचारत नाही, रंग मात्र गडद हवेत म्हणतं.

तिसरी फसवणूक जास्त खोल आहे, आणि ती शिकलेल्यांनाच जास्त होते. १९५० साली विल्यम रॉबिन्सन याने १९३० च्या अमेरिकी जनगणनेतून एक जोडी काढून दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात त्याचं उणे एक ते अधिक एक असं माप, उणे ०.५३. यावरून स्थलांतरित जास्त शिकलेले असं कुणीही म्हणेल. पण माणसामाणसाचा हिशेब केला तर उलट: स्थलांतरित किंचित जास्त निरक्षर, अधिक ०.१२. ते स्थायिक होत होते जिथे आधीपासूनचे लोक शिकलेले आणि कामधंदा होता तिथे, इतकंच. मतदानात हेच पुढे अँड्र्यू गेलमन यांनी दाखवलं. या शतकाच्या सुरुवातीच्या निवडणुकांत अमेरिकेतली श्रीमंत राज्यं डेमोक्रॅटना मत देत होती, आणि श्रीमंत माणसं रिपब्लिकनांना. दोन्ही एकाच वेळी खरं. तेव्हा "अमुक वस्तीत अमुक समाज साठ टक्के, आणि तिथे त्या पक्षाला साठ टक्के, म्हणजे याच लोकांनी दिली" हे गणित चहाच्या टपरीवर ठीक आहे. त्यावर माणसं तोडायची नसतात.

आपल्याकडे "कुठे राहता" या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे राहता एकीकडे आणि नाव दुसरीकडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नाव लागतं ते सामान्यपणे राहता त्या ठिकाणी. पण ऊसतोडीला, बांधकामाला, वीटभट्टीवर जाणारा माणूस सामान्यपणे कुठे राहतो? ज्या शहराचे निर्णय त्याच्या रोजच्या जगण्यावर होतात तिथे त्याला मत नाही. जिथे मत आहे तिथे तो मतदानाच्या दिवशी नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये अशांसाठी एक यंत्र पुढे आणलं, एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांतलं मतदान घेऊ शकेल असं. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली.

आणि बायका. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक जागा बदललेले निघाले. त्यांत बायका जास्त आणि त्यांचं सगळ्यांत मोठं कारण लग्न. म्हणजे शेजार बदलण्याचा जगातला कदाचित सगळ्यांत मोठा प्रयोग आपल्याकडे रोज चालू आहे, आणि त्यातली व्यक्ती मत ठरवायच्या वयात नुकतीच आलेली असते. एका यादीतून नाव कमी करायचं, दुसऱ्या यादीत चढवायचं, मधल्या काळात एखादी निवडणूक निघूनही जाते. तिचं मत माहेरच्या घराचं, सासरच्या गल्लीचं, की बचत गटातल्या इतर बायकांबरोबर जमलेलं? सर्वेक्षणात जात विचारतात, शिक्षण विचारतात, उत्पन्न विचारतात. मला कुणी प्रश्नावली करायला दिली, तर मी "लग्नाआधी कुठे राहत होतात" हा प्रश्न पहिल्या पानावर घालीन.

शेवटी एका कामाबद्दल, जे मी घेतलं नाही. आपल्याकडे निकालाचा नमुना २० असतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं आणि तो कुणालाही बघता येतो. एका केंद्राच्या यादीत हजाराच्या आसपास नावं. म्हणजे दोन गल्ल्या, एखादी वाडी, एक वस्ती. एका उमेदवाराच्या माणसांना केंद्रनिहाय नकाशा हवा होता, वर आडनावांवरून काढलेला जातीचा थर. मी विचारलं, प्रचारासाठी का? समोरचा म्हणाला, "मॅडम, निवडणूक तर झाली. कुणी लीड दिलं नाही ते साहेबांना बघायचंय."

गुप्त मतदान जगात आलं ते याचसाठी. इंग्लंडात १८७२ पर्यंत मत उघड द्यावं लागे, कुणी कुणाला दिलं त्याच्या छापील वह्या निघत, आणि कुळाचं मत बहुधा जमीनदाराच्या मागे जाई. कायदा झाल्यावरची पहिली गुप्त पोटनिवडणूक पाँटफ्रॅक्टला झाली. तिथली मतपेटी ज्येष्ठमधाच्या वड्यांवर उठवायच्या शिक्क्याने लाखबंद केली होती. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात जिथे दहशतीची शक्यता असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी मिसळायची तरतूद नियमांत होती. यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसायला लागला. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात तेच म्हटलं, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात त्याला विरोध केला.

एकट्या माणसाचं मत आपण झाकलं, त्याच्या वस्तीचं उघडं ठेवलं. आणि ज्याला पुढची पाच वर्षं नळ, रस्ता, दिवे वाटायचे आहेत त्याला वस्तीपेक्षा बारीक काही लागतच नाही. पुढच्या खेपेला ती वस्ती एकगठ्ठा विरोधात गेली, की टीव्हीवर कुणीतरी त्यांच्या जातीवरून कारण सांगेल, आणि वस्तीच्या कोपऱ्यावरचा बंद नळ कुणाच्याच नकाशात नसेल.

मी नाही म्हटल्यावर तो माणूस चिडला वगैरे नाही. खुर्ची सरकवून उठला, म्हणाला, "ठीक आहे, हे आता कुणीही पोरगा लॅपटॉपवर करतो." ते खरंच आहे.